आधी कोणी जायचं

आमच्या घरात ड्रायव्हर होता, गाडी नव्हती. आप्पा एस.टी.त, जळगाव डेपोला. पन्नास-पंचावन्न माणसं मागे बसवून ते कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला जात, अजिंठ्याचा घाट चढून औरंगाबादला जात, तापी ओलांडून चोपड्याकडच्या एखाद्या खेड्यात वस्तीच्या गाडीवर झोपत, आणि ड्युटी संपली की डेपोच्या फाटकातून सायकल काढून घरी येत. पुढे सायकलीची लूना झाली. तिथेच आमची प्रगती थांबली. चारचाकी ही महामंडळाची असते, अशीच आम्हा भावंडांची समजूत होती. त्या पगारात मोटार येणं अवघडच. पण पैसे असते तरी आप्पांनी ती घेतली असती असं मला वाटत नाही. रिकाम्या वेळेत कोणी गाडी चालवेल, ही कल्पनाच त्यांना विचित्र वाटायची.

सुट्टीत त्यांच्या गाडीने मामाच्या गावी जायचा योग यायचा. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाळीला नाक लावून बसायची. गिअरच्या लांब दांड्यावर त्यांचा डावा हात असायचा. उजवा खिडकीकडे, तो कोपरापासून खाली डाव्यापेक्षा कितीतरी काळा. खानदेशातल्या उन्हाने एकाच बाजूने भाजलेला. घरी जेवायला बसले की दोन हात दोन माणसांचे वाटायचे. निवृत्त होताना त्यांच्याकडे विनाअपघात सेवेचा बिल्ला होता आणि तो उजवा हात होता. बिल्ला कपाटात गेला. हात अजून तसाच आहे.

एवढा ड्रायव्हर घरात असून मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं नाही. शिकवणार कशावर? बस काही घरी आणता येत नव्हती. मी स्कूटी शिकले ती मेहरूण तलावाच्या रस्त्यावर, मैत्रिणीच्या मागे लागून. मग इंजिनिअरिंगची चार वर्षं घर ते बांभोरी, आणि मध्ये हायवे.

जळगावात हायवे गावाबाहेरून जात नव्हता, भर गावातून जात होता. हजिरा-कोलकाता रस्ता, तेव्हाचा सहा नंबर, आताचा त्रेपन्न. एकीकडे घरं, दुसरीकडे शाळा-कॉलेजं-दवाखाने, आणि मधून सुरतेहून नागपूरकडे निघालेले ट्रक. अजिंठा चौफुली, इच्छादेवी, आकाशवाणी चौक, शिवकॉलनी, खोटेनगर, पुढे गिरणेचा पूल. या एका पट्ट्यावर किती घरांतली माणसं गेली, ते जळगावच्या कोणालाही विचारा. प्रत्येकाला निदान एक नाव सांगता येतं. समांतर रस्त्यांसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली, ती उगाच नाही.

त्या रस्त्यावर आधी कोणी जायचं याचा नियम होता बरं का. नियम नव्हता असं म्हणणाऱ्या माणसांनी त्या रस्त्यावर गाडी चालवलेली नसते. मोठा आधी. सगळ्यात पहिला ट्रक, मग एस.टी., मग काळीपिवळी, मग मोटारी, मग रिक्षा, मग आम्ही स्कूटीवाल्या, शेवटी पायी माणूस. या सगळ्यांच्या वर गाय. हा क्रम सगळ्यांना पाठ होता आणि त्याच्या आधारावरच सगळे घरी पोहोचत होते. फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता, आणि एखाद्या नवख्याला तो माहीत नसला की संपलं.

आप्पांचा मात्र एका जागी वेगळा नियम होता. घाटात. तिथे चढणाऱ्याला आधी. वरून उतरणारी गाडी कितीही मोठी असो, घाईची असो, तिने वळणाआधी कडेला थांबायचं आणि खालून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. कन्नडच्या घाटात भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर येताना दिसला की आप्पा बस कडेला घेत, एकदा हेडलाइट मारत आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहत. मागून प्रवासी ओरडायचे, “ओ मास्तर, चला ना, जागा आहे!” आप्पा हलायचे नाहीत. कारण सोपं आहे. उतरणारा ब्रेकवर थांबला तर पुन्हा सुटायला त्याला काहीच करावं लागत नाही. चढणारा थांबला की ओझ्यासकट चढावरून पुन्हा उचलायचं, हाफ क्लचवर, हँडब्रेक सोडत. चुकलं तर गाडी मागे जाते आणि मागे दरी असते. ज्याला थांबणं महाग पडतं त्याला आधी. हे तत्त्व आप्पांनी असं शब्दांत कधी सांगितलं नाही. ते मी जाळीतून पाहिलं.

आणखी एक पाहिलं होतं. पाचोरा-जामनेर भागात ‘पी.जे.’ची नॅरोगेज रस्ता ओलांडायची आणि कित्येक ठिकाणी फाटकही नसायचं, फाटकवालाही नसायचा. अशा ठिकाणी बस थांबायची. कंडक्टर खाली उतरायचा, रुळापर्यंत चालत जायचा, दोन्हीकडे पाहायचा आणि हात करायचा. मग आप्पा गाडी काढायचे. तो कंडक्टर स्वतःच्या हुशारीने उतरत नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या १३१व्या कलमात हे लिहिलेलं आहे. पी.जे. काही झुकझुक करत येऊन कोणाला गाठेल अशी गाडी नव्हती, तिच्याबरोबर पोरं पळायची. तरी कंडक्टर उतरायचा. लहानपणी मला हा नुसता वेळकाढूपणा वाटे. आमच्याच जिल्ह्यात भादली स्टेशनाजवळ १९१८ साली बालकवी रुळांवर गेले, तिशीही गाठली नव्हती, हे शाळेत शिकवत होते. पण धडा कवितेचा होता, फाटकाचा नव्हता.

तर असं सगळं डोक्यात घेऊन मी २०१३ साली न्यू जर्सीतल्या एडिसनला जाऊन पडले. नवऱ्याची नोकरी, माझा एच-फोर. एच-फोर हा व्हिसा म्हणजे तेव्हा राहायला परवानगी, काम करायला नाही. याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी वाढवत नाही. माझी अडचण त्याहून साधी होती. ओक ट्री रोड तसा जवळ; तिथे मिठाई, सोनं, साड्या, केळ्याचे वेफर, सगळं मिळतं; पण तिथपर्यंत चालत जायचं तर फूटपाथ मध्येच संपतो. संपतो म्हणजे पुढे गवतच. त्या गवतातून पिशव्या घेऊन चालणारी बाई दिसली की मोटारीतली माणसं काळजीने पाहतात. ज्या मुलीने गिरणेच्या पुलावर ट्रकांमधून स्कूटी काढली होती, ती आता कोथिंबिरीसाठी शनिवारची वाट बघू लागली. नवरा भला माणूस. ‘कुठे जायचंय सांग, नेतो’ म्हणायचा. नेतो या क्रियापदात जे काय आहे, ते नेणाऱ्याला कळत नाही.

२६ मे २०१५ला नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापुढे गेला होता, अशा एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळू लागली. (त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी महाराष्ट्र सरकारने ट्रकांच्या मागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली. आप्पांनी ही बातमी फोनवर माझ्या बातमीच्या आधी सांगितली.) परवानगी आली, पण नोकरी जिथे होती तिथे जायला बस नव्हती. म्हणून गाडी.

लेखी परीक्षा पन्नास प्रश्नांची, चाळीस बरोबर यायला हवेत. घोकंपट्टीत आपल्याला कोण हरवणार! पुस्तक दोनदा वाचलं, पास. मात्र त्या पुस्तकाची एक गंमत हळूहळू लक्षात आली. आधी जाण्याचा हक्क कोणाला, असं त्यात जवळजवळ कुठेच सांगितलेलं नसतं. सांगितलेलं असतं ते थांबायचं कोणी. पायी माणूस पट्ट्यांवर आला, थांबा. आणि तो पूर्ण जाईपर्यंत थांबूनच राहा. डावीकडे वळताय, समोरच्याला जाऊ द्या. शाळेच्या पिवळ्या बसचे लाल दिवे लागले, पंचवीस फुटांवर थांबा, मग बस तुमच्या बाजूची असो की समोरून आलेली. ती पिवळी बस स्वतःही रेल्वेच्या रुळांपाशी थांबते, फाटक उघडं असलं तरी थांबते. ड्रायव्हर दार उघडतो, कान देतो, मग निघतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पाचोऱ्याचा कंडक्टर आठवला आणि परक्या मुलखात कोणी ओळखीचं भेटावं तसा आनंद झाला. फक्त इथे उतरायला कंडक्टर नाही. दाराला आणि कानाला त्याचं काम करावं लागतं.

शिकवायला एक गुजराती काका मिळाले, सुरतचे. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक. मी जळगावची म्हटल्यावर त्यांनी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी स्टेशनं धडाधड म्हणून दाखवली. तरुणपणी ताप्ती लाइनने भुसावळला फार हेलपाटे झाले होते म्हणे. त्यांची गुजराती, माझी आजोळची अहिराणी, आणि मध्ये मोडकं हिंदी; आमचं छान जमलं. इंग्रजी फक्त परीक्षा घेणाऱ्यासाठी राखून ठेवलं होतं.

गाडी ऑटोमॅटिक. डाव्या पायाला काहीच काम नाही. उजव्या बाजूने चालणं, डावीकडे स्टिअरिंग, वळताना दिव्याऐवजी वायपर लागणं, याबद्दल सगळेच सांगतात. आठवड्याभरात ते अंगवळणी पडतं. पॅरलल पार्किंग हे कौशल्य आहे, कौशल्य सरावाने येतं. अवघड गेलं ते वेगळंच.

चार रस्ते मिळतात. सिग्नल नाही, पोलीस नाही, चारही बाजूंना लाल अष्टकोनी पाटी: थांबा. चौघांनीही थांबायचं, चाक पूर्ण थांबलं पाहिजे. मग जो आधी येऊन थांबला तो आधी निघणार. दोघे एकदमच आले तर उजवीकडचा आधी. झालं, एवढाच नियम. पहिलीतलं पोर सांगेल. पण मी तिथे थांबले की थांबायचीच. माझ्यानंतर आलेल्याला हात करायची, ‘जा’. तो जायचा. मग दुसरा यायचा, त्यालाही ‘जा’. मागे रांग. काका काही वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बेन, तमारो वारो छे. जाव.”

मी म्हटलं, त्यांना घाई असेल. काका म्हणाले, असेल. पण तुम्ही हात केला तो त्या एकालाच दिसला. बाकीच्या दोघांना काय कळलं? ते आपापला नंबर मोजून बसलेत. एकाने मनाने क्रम मोडला की चौघांचा हिशेब चुकतो. इथे चांगुलपणा नको, नंबर पाळा. नंतर ते म्हणाले, ते मी विसरलेले नाही. आपल्याकडच्या सगळ्या बायका इथेच अडतात, रिव्हर्सला नाही, हायवेला नाही. पुरुषांचं उलटं, त्यांना थांबवायलाच त्रास होतो. “बायकांना जा म्हणून सांगावं लागतं.”

एस.टी.त ड्रायव्हर आपल्या मनाने गाडी हलवत नाही. कंडक्टर मागून दोरी ओढतो. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आप्पांनी उभ्या नोकरीत कधी डबल बेलशिवाय स्टँड सोडला नसेल. त्या चौकात मीही तशीच दोन घंटांची वाट बघत होते, आणि मागे दोरी ओढणारं कोणी नव्हतं. घंटा मीच द्यायची, गाडीही मीच काढायची. पंगतीत शेवटी बसणाऱ्या, सगळ्यांचं झालं का पाहून मग ताट घेणाऱ्या घरात मी वाढले. त्यात मला कधी जाच वाटला नाही, आजही त्या बायकांबद्दल मला कळवळा वगैरे येत नाही. आई शेवटी जेवायची आणि सगळ्यात निवांत जेवायची. पण ती सवय पायात उतरलेली असते आणि ॲक्सिलरेटरवर तोच पाय असतो, हे मला एडिसनच्या त्या चौकात कळलं. ‘आधी तुम्ही’ म्हणणं म्हणजे नेहमी दुसऱ्याला मान देणंच असतं असं नाही. कधी कधी ठरवायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकणंही असतं.

इथे एक सांगून टाकते. आपली मंडळी जमली की जेवणानंतर एक विषय निघतोच: इकडची शिस्त आणि तिकडचा गोंधळ. मला तो विषय आवडत नाही. ‘थांबा’च्या पाटीपाशी चाक पूर्ण न थांबवता सरकत जाणारे इथेही भरपूर आहेत. पार्कवे या इथल्या हायवेवर ५५ची पाटी असते आणि सगळे सत्तरने जात असतात. तुम्ही ५५ने गेलात तर मागचा दिवे मारून जीव नकोसा करतो. न्यू जर्सीचे लोक हॉर्नही मनापासून वाजवतात. फरक आहे, पण तो रक्तातला नाही. इथे दंड होतो, लायसनवर पॉइंट चढतात आणि त्यामागून इन्शुरन्सचा हप्ता वाढतो. हप्ता वाढला की संत माणूसही पाटी वाचायला लागतो. आकाशवाणी चौकातल्या माणसाला चार महिने असा हप्ता भरायला लावा आणि मग बोला.

आणि न्यू जर्सीने शिस्तीच्या नावाखाली काय काय करून ठेवलंय! इथे पेट्रोल आपल्या हाताने भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९पासून. बाकी अमेरिकेत लोक स्वतः नळी धरतात. इथे काच खाली करून जळगावच्या पंपावर सांगावं तसं ‘फुल’ म्हणायचं. दुसरी गंमत जगहँडलची. रूट वनसारख्या मोठ्या रस्त्यावर तुम्हाला डावीकडे वळायचंय. वळता येत नाही. पाटी सांगते, सगळी वळणं उजव्या लेनमधून. म्हणजे आधी उजवीकडे बाहेर पडायचं, लोट्याच्या कानासारखा एक फेरा मारायचा, आडव्या रस्त्यावर येऊन सिग्नलला थांबायचं आणि मग ज्या रस्त्यावरून आलो तोच ओलांडून डावीकडे जायचं. मला आधी ही शुद्ध चेष्टा वाटली. नंतर पटलं. भरधाव रस्त्याच्या मधोमध, समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये फट शोधत उभं राहण्यापेक्षा कडेला जाऊन, वळसा घालून, दिवा हिरवा झाल्यावर सरळ जाणं बरं. इच्छादेवी चौकात उजवीकडे वळायला मध्ये स्कूटी घेऊन उभी राहिलेली कोणतीही मुलगी हे एका मिनिटात समजून घेईल. रस्त्याच्या मधला तो सिमेंटचा बुटका दुभाजक, जो आता आपल्याही हायवेंवर दिसतो, त्याचं नावही जर्सी बॅरियरच आहे. १९५०च्या दशकात तो याच राज्यात घडला.

लायसन मिळाल्यावर एकटीने कुठे जावं, असा प्रश्न पडला. ऑफिस, दुकान, हे झालंच. पण पहिल्यांदा, कामाशिवाय, आपल्या मनाने? मी रोझेलला गेले. पार्कवेवर १३१ला चढायचं, १३७ला उतरायचं. एक्झिटचे नंबर मैलांचे, म्हणजे सहाच मैल. पण पार्कवेवर चढणं म्हणजे धावत्या गाड्यांच्या रांगेत आपली गाडी धावतच मिसळवणं. तिथे थांबायचं नसतं. थांबणं हाच धोका. वेग घ्यायचा, आरशात फट पाहायची आणि आपली जागा घ्यायची. मागचा जागा देतोच, पण तुम्ही घेताय हे त्याला दिसलं पाहिजे.

रोझेलला आनंदीबाई जोशी राहिल्या होत्या, १८८३च्या उन्हाळ्यात. कलकत्त्याहून निघून, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरून, मिसेस कार्पेंटर यांच्या घरी. वय अठरा. एडिसनने त्याच वर्षी जानेवारीत या गावात खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावले होते, म्हणजे कल्याण-पुण्याकडची ती मुलगी थेट जगातल्या अगदी नव्या उजेडात येऊन पोहोचली. मोटार अजून नव्हती. बेंझने तिचं पेटंट घेतलं २९ जानेवारी १८८६ला, आणि ११ मार्च १८८६ला आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. मी त्या गावातून दोन-तीन रस्ते फिरले. पाहण्यासारखं काही खास नाही; साधं, झाडांचं गाव, शाळा सुटायची वेळ, क्रॉसिंगवर पिवळं जाकीट घालून एक बाई मुलांना पलीकडे नेत होती. मला राहून राहून एकच गोष्ट आठवत होती. त्या बोटीवर गोपाळराव नव्हते. बायकोला त्यांनी पुढे पाठवलं, स्वतः मागून आले. गोपाळरावांच्या हट्टाबद्दल, जाचाबद्दल जे लिहिलं गेलंय ते खरंच आहे, आणि तिला पुढे ढकलणारेही तेच होते, हेही खरंच. पण बोटीत बसल्यावर ढकलणारा मागे राहतो. पुढचे निर्णय, काय खायचं, काय नेसायचं, कुठल्या कॉलेजला अर्ज करायचा, हे त्या अठरा वर्षांच्या मुलीनेच घेतले.

आप्पा आणि आई आले तेव्हा मी बऱ्यापैकी मुरलेली होते. सामानात कळण्याचं पीठ, मेतकूट, आणि आप्पांच्या शर्टाच्या खिशात एक करड्या रंगाचं पुस्तक. ते काय आहे विचारलं तर म्हणाले, दाखवतो नंतर.

विमानतळाच्या पार्किंगमध्ये ते सवयीने गाडीच्या उजव्या दाराकडे गेले आणि बसले. आयुष्यभर ज्या बाजूला बसले त्याच बाजूला. समोर स्टिअरिंग नाही. घरी येईपर्यंत त्यांचा उजवा पाय मॅटवर कामात होता. मी ब्रेक दाबायच्या जरा आधी त्यांचा दाबून झालेला असे. बोलले काही नाहीत. मागून आईनेच विचारलं, “हिला येतं ना हो?” आप्पा म्हणाले, “अंतर ठेवते.” याहून मोठं प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हतं.

पार्कवे त्यांना आवडला नाही. १०५ नंबरच्या एक्झिटच्या उत्तरेला त्यावर ट्रकांना बंदी आहे. मैलच्या मैल नुसत्या मोटारी, दोन्ही बाजूंना झाडं. आप्पा थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “ट्रक नही, तो काय हायवे?” पुढे रूट वनवर अठराचाकी दिसली तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली पडला, तिच्या आरशांची, टायरांची, वळणाला घेतलेल्या फेऱ्याची त्यांनी खुशीत तपासणी केली. माझा डावा हात त्यांनी एकदा उलटसुलट करून पाहिला. इकडे खिडकी डावीकडे. “तुनाबी भाजायना,” म्हणाले. माझा काही त्यांच्याइतका काळा झाला नाही. न्यू जर्सीच्या उन्हात तेवढी ताकद नाही.

चौकातल्या नियमाचं मी त्यांना सांगितलं. आधी आला तो आधी, बरोबर आले तर उजवीकडचा. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. “उजवीकडच्याले आधी, हे आमच्याबी पुस्तकात होतं.” मला खोटं वाटलं. शोधलं, तर खरंच: १९८९च्या आपल्या रस्ता-नियमांत होतं, सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यावं. घाटात चढणाऱ्याला आधी, तेही तिथेच होतं, त्याच नियमावलीत. मी इतकी वर्षं तो आप्पांचा खास स्वभाव समजत होते.

“मग आकाशवाणीला कोणी पाळत का नाही?”

“पुस्तक डेपोत होतं ना,” आप्पा म्हणाले.

करड्या पुस्तकाचा उलगडा एका रविवारी झाला. ते इंटरनॅशनल परमिट होतं. निघायच्या आधी आरटीओत जाऊन, रांगेत उभं राहून, फी भरून त्यांनी ते काढलं होतं; एक वर्षाचं. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. “असू द्या म्हटलं,” एवढंच. मी इन्शुरन्सवाल्यांना फोन करून आधी सगळं विचारून घेतलं, कारण मी आता तसली झाले आहे, आणि सकाळी आमच्या वसाहतीतले रस्ते रिकामे असताना त्यांना डाव्या बाजूला बसवलं.

त्यांनी सीट पुढे घेतली, आरसे हलवले, सगळ्या आरशांत सावकाश पाहिलं. डाव्या पायाला क्लच सापडेना तेव्हा तो पाय त्यांनी मागे दुमडून घेतला. “ही गाडी आपसूक चालते,” म्हणाले, “ड्रायव्हरले काय ठेवलं?” पण चालवली सुरेख. मला एकदाही पुढे जाऊन मागे आल्यासारखं झालं नाही. ब्रेक लागला हे कळलंच नाही, गाडी थांबली एवढं कळलं. चार रस्त्यांपाशी लाल पाटी आली. आप्पा बस थांबवतात तसे पूर्ण थांबले. थोड्या वेळाने डावीकडून एक बाई आली, तिच्या पाटीपाशी थांबली.

“आप्पा, तुमचा नंबर आहे. जा.”

आप्पांनी काचेतून तिला हात केला, जा. तिने हात केला, तुम्ही जा. आप्पांनी पुन्हा हात केला.

“आप्पा, असं नाही करायचं इथे. तुम्ही आधी आलात.”

“तिले जाऊ दे,” आप्पा म्हणाले. “आपले कोठे टाइम गाठना शे!”